ओझे, समतोल आणि हवेची स्प्रिंग : जुन्या अमेरिकन पिकअपच्या मागील सस्पेन्शनमधील फेरबदलाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख, शोधकाचे नाव आणि कारखान्यातील उत्पादन यांना सामान्यतः मध्यवर्ती स्थान दिले जाते. वस्तू कारखान्याबाहेर पडल्यानंतर ती वापरणाऱ्यांच्या हाती तिचे पुढे काय होते, हा प्रश्न बराच काळ दुर्लक्षित राहिला. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकातील आपल्या लेखात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. ग्रामीण अमेरिकेतील शेतकऱ्याने मोटारगाडी जशी मिळाली तशी स्वीकारली नाही. तिच्या इंजिनावर त्याने शेतीची व घरातील यंत्रे चालविली आणि गाडीचा अर्थच बदलून टाकला, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात शोधांच्या इतिहासापेक्षा वापराचा इतिहास लिहिला जावा, अशी आग्रही मांडणी केली. जुनी वस्तू, तिची दुरुस्ती आणि तिच्यातील फेरबदल हे या मांडणीत इतिहासाचे साधन ठरतात.

या दृष्टीने पाहता जुन्या अमेरिकन पिकअप गाडीच्या मागील बाजूस हवेची स्प्रिंग बसविणे व अशा गाडीने ट्रेलर ओढणे ही वरकरणी केवळ गॅरेजमधील बाब वाटली, तरी तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा सामाजिक व तांत्रिक इतिहास उभा आहे. पिकअप ही शेताची गाडी होती. ती कुटुंबाची गाडी झाली. नंतर सुटीतील प्रवासाची आणि अखेरीस जतन करण्याजोग्या वारशाची गाडी झाली. या प्रत्येक टप्प्यावर तिच्या मागील आसावर पडणारे ओझे बदलत गेले. त्या ओझ्याला दिलेले उत्तर म्हणून हवेच्या स्प्रिंगकडे पाहावे लागते.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, पिकअपच्या मागील सस्पेन्शनचा विकास आणि ट्रेलर ओढण्याची प्रथा यांचा परस्परसंबंध तपासणे. दुसरे, बसगाड्यांत यशस्वी व मोटारगाड्यांत अयशस्वी ठरलेली हवेची स्प्रिंग जुन्या पिकअपच्या मालकांनी का स्वीकारली, याची कारणे शोधणे. तिसरे, या फेरबदलाने नेमके काय साधते व काय साधत नाही, याची चिकित्सा करणे. अभ्यासाचे क्षेत्र अमेरिकेची संयुक्त संस्थाने एवढे मर्यादित असून मुख्य उदाहरण म्हणून शेव्हरोले कंपनीची १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० ही पिकअप घेतली आहे. विषयाच्या आकलनास मदत होईल तेथे आपल्याकडील अनुभवाचा उल्लेख केला आहे.

१. पोलादी पाट्याचा पेच

वाहनाच्या चाकाला बसणारा धक्का प्रवाशापर्यंत वा मालापर्यंत पोहोचू नये म्हणून स्प्रिंग असते. ऑबडाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे एकस्व घेतले आणि घोडागाडीच्या रचनेत मोठा बदल घडून आला. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ही स्प्रिंग मोटारयुगातही टिकली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढे व मागे आडवे पाटे होते. मालवाहू गाड्यांना पुढे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले पाटे देण्यात येऊ लागले. या पाट्याचा मोठा गुण असा, की तो एकाच वेळी दोन कामे करतो. तो ओझे पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. त्यामुळे त्याची रचना साधी, स्वस्त व दणकट होते. आपल्याकडील मालट्रक आजही बहुतांशी पाट्यांवरच चालतात, त्याचे कारण हेच होय.

मालवाहू गाडीत मात्र या पाट्यापुढे एक मूलभूत पेच उभा राहतो. प्रवासी मोटारीत रिकाम्या व भरलेल्या अवस्थेतील वजनाचा फरक तुलनेने कमी असतो. पिकअपमध्ये चालकाच्या टपामागील हौदा सकाळी रिकामा, तर दुपारी धान्याच्या पोत्यांनी भरलेला असतो, आणि वाढलेले जवळजवळ सर्व वजन मागच्या ॲक्सलवर येते. भरलेल्या हौद्याचा विचार करून पाटा ताठ केला, तर रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते. रिकाम्या गाडीचा विचार करून तो मऊ ठेवला, तर भरलेली गाडी मागे बसते. पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा घडवितानाच ठरून जातो; ओझे बदलले म्हणून तो फारसा बदलत नाही. ठरावीक वाकानंतरच टेकणारी मदतीची जादा पाती बसवून या पेचावर अंशतः तोडगा काढला गेला. परंतु ही पाती एकदा टेकली, की गाडी एकदम कडक होते. पिकअपच्या मागील सस्पेन्शनचा पुढील सर्व इतिहास म्हणजे या एका पेचाशी चाललेली झुंज होय, असे म्हणता येईल.

२. पिकअप : शेतातून घराच्या अंगणात

पिकअपचा उगमच मुळी फेरबदलातून झाला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मॉडेल टी मोटारीला मालगाडी बनविणारे जोडसाहित्य बाजारात मिळू लागले. 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. १९१७ मध्ये फोर्डने स्वतः मॉडेल टीटी ही एक टनी गाडी आणली. २५ एप्रिल १९२५ रोजी मॉडेल टीचाच कारखान्यात बनविलेला हौदा असलेला प्रकार २८१ डॉलर किमतीस जाहीर झाला. शेतकरी व छोटे दुकानदार जी जोडाजोड स्वतः करीत होते, तिच्यावर कारखान्याने उमटविलेली ही मोहोर होती. वापरणारा पुढे व कारखाना मागे, हा क्रम या इतिहासात पुन्हापुन्हा दिसून येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने पालटले. शेव्हरोलेची 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका १९४७ मध्ये आली, तर फोर्डची एफ मालिका १९४८ या वर्षाची गाडी म्हणून बाजारात आली. १९५५ मध्ये शेव्हरोलेने 'कॅमिओ कॅरिअर' ही नटविलेली पिकअप विक्रीस काढली. तिची विक्री मर्यादित राहिली. पण पिकअप घरासमोर अभिमानाने उभी करता येते, ही कल्पना तिने रुजविली. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य रस्त्यांचे जाळे मंजूर केले. लांब, सपाट व वेगवान रस्त्यांवर ताठ पाट्यांची गाडी कुटुंबाला नकोशी वाटू लागली.

या बदलत्या अपेक्षांना शेव्हरोलेने १९६० मध्ये धाडसी उत्तर दिले. मागील चाकांनी चालणाऱ्या सी-१० पिकअपच्या पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाट्यांऐवजी कॉईल स्प्रिंग देण्यात आल्या. कॉईल स्प्रिंग फक्त ओझे पेलते. ॲक्सलला जागेवर धरण्याची तिची ऐपत नसते. म्हणून पुढे चासीला बिजागरीने जोडलेले व मागे ॲक्सलला धरून ठेवणारे दोन लांब पोलादी दांडे आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा दांडा अशी योजना करण्यात आली. पाट्याकडे एकत्र असलेली दोन कामे येथे प्रथमच वेगळी झाली. ही दांड्यांची रचना इतकी भरवशाची ठरली, की 'नॅस्कार' या अमेरिकन शर्यतींतील गाड्यांनी ती उचलली आणि शर्यतीच्या परिभाषेत त्यांना 'ट्रक आर्म' हेच नाव राहिले. १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० मध्येही हीच योजना कायम होती. १९७३ च्या नव्या मालिकेत मात्र कंपनी पुन्हा पाट्यांकडे वळली.

येथे इतिहासातील एक गमतीदार योगायोग लक्षात घेतला पाहिजे. अभियंत्यांनी ओझे पेलण्याचे व ॲक्सल धरण्याचे काम वेगळे केले ते प्रवासाच्या सुखासाठी. पण त्यामुळेच पुढच्या पिढीतील मालकाला ॲक्सलच्या पकडीस हात न लावता केवळ स्प्रिंग बदलणे शक्य झाले. पाट्यांच्या गाडीत पाटा काढला, तर ॲक्सल निराधार होतो आणि दांड्यांची नवी रचना उभारावी लागते. जुनी सी-१० हवेच्या स्प्रिंगसाठी सोयीची ठरली, त्याचे मूळ १९६० च्या या निर्णयात आहे.

३. मागे जोडलेले ओझे

पिकअपच्या हौद्यातील ओझे आणि तिच्या मागे जोडलेले ओझे यांत महत्त्वाचा भेद आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरवजा ट्रेलर लोकप्रिय होऊ लागले. वॅली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' १९३६ मध्ये आला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या यू-हॉल कंपनीने भाड्याचे ट्रेलर सुरू केले. युद्धानंतर घरे बदलणारी, नोकरीसाठी राज्य ओलांडणारी कुटुंबे आपला संसार या ट्रेलरांत भरून निघू लागली. पुढे होड्या, घोडे आणि सुटीतील फिरती घरे यांची भर पडली. पिकअप ही या सर्वांना ओढणारी स्वाभाविक गाडी ठरली.

ट्रेलरच्या दांड्याचे टोक गाडीच्या मागील हिचवर विसावते आणि तेथे खाली दाब देते. हा दाब सामान्यतः ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. तो फार कमी असेल तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि गाडी चालकाच्या हाताबाहेर जाऊ शकते. तो फार जास्त असेल तर गाडी मागे बसते. आपल्याकडील बैलगाडी हाकणाऱ्याला हे शास्त्र पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. माल मागे जास्त भरला की गाडी 'उलाळ' होते, धुरा वर उचलली जाते. माल पुढे जास्त झाला की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडी भरणाऱ्याचे कौशल्य या दोहोंमधील जागा साधण्यात असते. अमेरिकन ट्रेलरचालकापुढील प्रश्न तत्त्वतः हाच होता. बैलांच्या मानेच्या जागी पिकअपचा मागचा ॲक्सल होता, एवढेच.

हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने तरफेचा नियम लागू होतो. उदाहरणादाखल ४,००० पौंडांचा ट्रेलर घेऊ. त्याचा हिचवरील दाब १० टक्के, म्हणजे ४०० पौंड होईल. आखूड सी-१० च्या दोन ॲक्सलमधील अंतर ११५ इंच होते. हिच मागील ॲक्सलच्या ४६ इंच मागे आहे असे धरले, तर पुढच्या ॲक्सलवरील भार १६० पौंडांनी कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवरील भार ४०० नव्हे, तर ५६० पौंडांनी वाढतो. मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, सुकाणू हलके पडते आणि पुढच्या ब्रेकची पकड घटते. १९७० पर्यंत या पिकअपला प्रमाणित स्वरूपात चारही चाकांना ड्रम ब्रेक असत; पुढील डिस्क ब्रेक १९७१ पासून प्रमाणित झाले. हे लक्षात घेता या १६० पौंडांचे गांभीर्य कळून येते.

४. हवेच्या स्प्रिंगचा प्रवास : बस, मोटार आणि पुन्हा ट्रक

कोंडलेल्या हवेवर ओझे पेलण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज याने १९०१ मध्ये वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगचे एकस्व मिळविले होते. कल्पना व्यवहारात उतरण्यासाठी मात्र टिकाऊ रबर, त्याला बळकटी देणारे कापडी थर आणि भरवशाच्या झडपा यांची गरज होती. १९३० च्या दशकात फायरस्टोन या टायर कंपनीने या दिशेने प्रयोग केले. टायर म्हणजे तरी दुसरे काय? हवा कोंडून ओझे पेलणारे रबरच. म्हणून टायर बनविणारी कंपनीच हवेच्या स्प्रिंगकडे वळावी, यात नवल नाही.

हवेच्या स्प्रिंगचे तत्त्व सोपे आहे. लोहाराच्या भात्यासारख्या घड्यांच्या रबरी पिशवीत हवा भरतात. ती पेलू शकणारे ओझे हे हवेचा दाब व परिणामी क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराएवढे असते. क्षेत्रफळ २० चौरस इंच असेल, तर दर चौरस इंचाला ५० पौंड दाबावर तो भाता १,००० पौंड पेलील. ओझे वाढले की दाब वाढवावा. उंची तीच राहते. याहून महत्त्वाचे म्हणजे दाब वाढताच स्प्रिंगचा ताठरपणाही वाढतो. म्हणून गाडी रिकामी असो वा भरलेली, तिची हेलकावे खाण्याची लय फारशी बदलत नाही. पोलादी पाट्यापुढील मूळ पेचाला हे तत्त्वतः नेमके उत्तर होते.

हे उत्तर प्रथम बसने स्वीकारले. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने हवेच्या स्प्रिंगच्या प्रवासी बसगाड्या बनविण्यास प्रारंभ केला. १९५४ मध्ये ग्रेहाउंड कंपनीची 'सीनिक्रूझर' ही गाजलेली बस रस्त्यावर आली. १९५६ पर्यंत अशा १,००१ बस बांधल्या गेल्या. बसमध्ये ब्रेकसाठी हवा दाबणारे यंत्र बहुधा असतेच, गाडी दररोज देखभालीस आगारात परतते आणि प्रवाशांच्या संख्येनुसार ओझे सतत बदलते. हवेच्या स्प्रिंगला याहून अनुकूल घर मिळणे कठीण होते. मुंबईच्या काही लोकल गाड्यांत आणि मुंबई-पुणे मार्गावरील 'शिवनेरी' बसमध्ये आपल्याकडील प्रवाशांना या तंत्राचा परिचय झाला तोही याच कारणाने. विशेषतः लोकलच्या रिकाम्या व खच्चून भरलेल्या डब्यांतील वजनाचा प्रचंड फरक ध्यानात घेता हवेच्या स्प्रिंगचे प्रयोजन सहज पटते.

मोटारगाड्यांत मात्र उलटा अनुभव आला. १९५७ च्या 'कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅम' या महागड्या गाडीत हवेचे सस्पेन्शन प्रमाणित होते. १९५८ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इतर गाड्यांसाठीही जादा किमतीत ते देऊ केले. गळती, झडपांतील ओलावा व घाण यांमुळे सकाळी गाडी जमिनीला टेकलेली दिसे, अशा तक्रारी वाढल्या आणि अल्पावधीतच हा पर्याय मागे घेण्यात आला. तंत्र चुकीचे नव्हते. आगारातील शिस्तीवर जगणारी वस्तू घरगुती निष्काळजीपणात टिकली नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

या दोन टोकांमध्ये एक तिसरा, साधा मार्ग रुळत गेला. पोलादी स्प्रिंग तशीच ठेवायची आणि हवेने तिला केवळ मदत करायची, हा तो मार्ग होय. मिशिगन राज्यातील लान्सिंग येथे १९४९ मध्ये स्थापन झालेली 'एअर लिफ्ट' ही कंपनी याच क्षेत्रात पुढे आली. कॉईल स्प्रिंगच्या पोटात बसणारी हवेची नळकांडी हे तिच्या आरंभीच्या उत्पादनाचे स्वरूप होते. पाट्यांच्या गाड्यांसाठी चासी व ॲक्सल यांच्यामध्ये बसणारे भातेही पुढे मिळू लागले. हवा गेली तरी मूळ स्प्रिंग गाडीला सावरून धरते, हे या मार्गाचे बलस्थान होते. १९५८ च्या अपयशातून मिळालेला धडा येथे नकळत पाळला गेला.

५. फेरबदलाचे दोन प्रवाह

जुन्या पिकअपवर हवेच्या स्प्रिंग बसविण्यामागे दोन भिन्न हेतू दिसून येतात. पहिला प्रवाह गाडी खाली नेऊ पाहतो. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असा नियम कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये लागू झाला. त्याला बगल देण्यासाठी रॉन अगिरे याने १९५९ च्या सुमारास आपल्या गाडीला तेलाच्या दाबावर वरखाली होणारी यंत्रणा बसविली. मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या 'लोरायडर' संस्कृतीत ती पसरली. पुढे छोट्या ट्रकांच्या शौकिनांनी तेलाऐवजी हवेचा वापर केला. त्यांच्या हातून सी-१० सारख्या जुन्या पिकअपना हवेवर पूर्णपणे तोलण्याचे साहित्य व कौशल्य विकसित झाले. या पद्धतीत मूळ कॉईल काढून टाकतात, चासीवर व दांड्यांवर नवे आधार बसवितात आणि गाडीतच हवा दाबणारे यंत्र व टाकी ठेवतात.

दुसरा प्रवाह गाडी समपातळीत ठेवून तिला कामास जुंपू पाहतो. ट्रेलर ओढणाऱ्या मालकाला गाडी जमिनीला टेकविण्यात रस नसतो. त्याच्यासाठी कॉईलच्या पोटातील हवेचे नळकांडे पुरेसे ठरते. अशा नळकांड्यांत दर चौरस इंचाला साधारणतः ५ ते ३५ पौंड एवढाच दाब ठेवतात. गाडी रिकामी असतानाही किमान दाब ठेवावा लागतो. अन्यथा रबर चिमटून फाटते. डाव्या व उजव्या बाजूच्या हवेच्या नळ्या स्वतंत्र असणे हिताचे ठरते. त्या एकमेकींना जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या, दबलेल्या बाजूची हवा आतल्या बाजूस पळते आणि गाडी अधिकच कलते. या बारकाव्यांवरून दिसते, की हे काम साधे असले तरी बेफिकिरीने करण्याजोगे नाही.

एकाच वस्तूवर एकाच साधनाने परस्परविरोधी हेतूंनी केलेले हे फेरबदल वापराच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. साधनाचा अर्थ साधनात नसून वापरणाऱ्याच्या प्रयोजनात असतो, याचा हा बोलका पुरावा होय.

६. समतोल आणि क्षमता : एक मूलभूत गल्लत

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. हवेची स्प्रिंग बसविल्यावर ट्रेलर जोडलेली जुनी पिकअप सपाट उभी राहते. दिव्यांचा झोत रस्त्यावर येतो, मागचा ॲक्सल चासीवर आपटत नाही. हे लाभ खरे आहेत. आणखी एक अप्रत्यक्ष लाभही मानला पाहिजे. गाडी मागे बसू नये म्हणून काही चालक ट्रेलरमधील माल मागे सरकवितात व हिचवरील दाब धोकादायक प्रमाणात घटवितात. हवेच्या मदतीने हा मोह टळतो आणि योग्य दाब राखता येतो.

परंतु वरील उदाहरणातील आकडे पुन्हा पाहिले, तर निराळेच सत्य समोर येते. भाते फुगवून गाडी सपाट केली, तरी पुढच्या ॲक्सलवरून गेलेले १६० पौंड जवळजवळ तसेच गेलेले राहतात आणि मागच्या ॲक्सलवर आलेले ५६० पौंड तेथेच राहतात. तरफेचा नियम उंचीवर नव्हे, तर अंतरावर अवलंबून असतो. पुढच्या ॲक्सलवर भार परत आणण्याचे काम वेगळ्या साधनाचे आहे; ताणलेल्या पोलादी दांड्यांनी भार वाटून देणारी हिच विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यासाठी वापरात आहे. शिवाय स्प्रिंग बदलल्याने ब्रेक, टायर, ॲक्सलचे बेअरिंग, चासी वा इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा यांपैकी कशाचीही ताकद वाढत नाही. म्हणूनच हवेच्या स्प्रिंगचे उत्पादक स्वतःच बजावतात, की त्यांच्या साधनाने वाहनाची ठरवून दिलेली कमाल वजनमर्यादा वाढत नाही.

यातील खरा धोका सांकेतिक स्वरूपाचा आहे. मागे बसलेली गाडी ही एक भाषा होती. ओझे जास्त झाले आहे, हे ती चालकाला, शेजाऱ्याला व रस्त्यावरील पोलिसालाही सांगत असे. हवेची स्प्रिंग ती खूण पुसून टाकते. ओझे मात्र तसेच राहते. वेदना शमविणाऱ्या औषधाने रोग बरा झाल्याचा भास व्हावा, तसा हा प्रकार आहे. पन्नास वर्षांच्या गाडीच्या बाबतीत हा भास अधिक घातक ठरतो. तिच्या चासीवर गंज व जुने ताण असू शकतात आणि तिच्या निर्मितीच्या वेळी ओढण्याची क्षमता मोजण्याची उत्पादकांमध्ये एकवाक्यताही नव्हती. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी 'जे २८०७' ही समान कसोटी प्रथम २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा १९६० च्या दशकातील माहितीपत्रकातील आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे इतिहासाच्या दृष्टीनेही अयोग्य आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही.

७. वारसा की वापर

ऐतिहासिक वस्तूत फेरबदल करावा का, हा प्रश्न वास्तुजतनाच्या क्षेत्रात आपल्या परिचयाचा आहे. किल्ल्याच्या तटाला सिमेंटचा गिलावा द्यावा का, या वादासारखाच तो आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ च्या सुमारास 'ट्यूरिन सनद' स्वीकारली. अपरिहार्य फेरबदल शक्यतो मूळ रूपास बाधा न आणणारे, पुन्हा काढून टाकता येण्याजोगे आणि नोंद ठेवून केलेले असावेत, असा तिचा आशय आहे. या निकषावर कॉईलच्या पोटातील नळकांडे सहज उत्तीर्ण होते. ते काढले की गाडी पूर्ववत होते. चासीला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून केलेले कायमचे बदल मात्र कसोटीला उतरत नाहीत.

तथापि पिकअपच्या बाबतीत 'मूळ रूप' म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. जोडाजोडीतून जन्मलेल्या, शेतकऱ्याने व सुताराने आपापल्या गरजेप्रमाणे वाकविलेल्या गाडीचा इतिहास तिच्या फेरबदलांतच लिहिलेला असतो. संग्रहालयातील निर्दोष गाडी कारखान्याचा इतिहास सांगते, तर ओरखडे पडलेली व जादा पाती बसविलेली गाडी वापराचा. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही हवेत. पुढे २०१३ च्या 'रॅम १५००' या पिकअपमध्ये कारखान्यानेच चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन देऊ केले, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. मालकांनी गॅरेजमध्ये दीर्घकाळ जे केले, त्यावर कारखान्याने पुन्हा एकदा उशिरा मोहोर उमटविली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पिकअपच्या मागील सस्पेन्शनचा इतिहास हा बदलत्या ओझ्याला स्थिर ताठरपणाच्या पोलादी स्प्रिंगने दिलेल्या अपुऱ्या उत्तरांचा इतिहास आहे. हवेची स्प्रिंग या पेचाचे तत्त्वतः समर्पक उत्तर आहे.

२. तिचा स्वीकार केवळ तांत्रिक गुणांवर ठरला नाही. देखभालीची शिस्त असलेल्या बसमध्ये ती टिकली, घरगुती मोटारीत फसली आणि मदतनीस म्हणून पिकअपमध्ये रुजली.

३. जुन्या सी-१० चे आधुनिक फेरबदल १९६० मध्ये वेगळ्याच हेतूने घेतलेल्या अभियांत्रिकी निर्णयामुळे सुलभ झाले. तंत्रज्ञानातील निर्णयांचे परिणाम निर्णय घेणाऱ्यांच्या हेतूपलीकडे जातात.

४. हवेची स्प्रिंग उंची सावरते, क्षमता वाढवीत नाही. ब्रेक, टायर, ॲक्सल व चासी यांच्या मर्यादा आणि दोन ॲक्सलवरील भाराची वाटणी यांचा स्वतंत्र विचार केल्याविना जुन्या पिकअपने ट्रेलर ओढणे सुरक्षित मानता येणार नाही.

५. मूळ रूपात परत नेता येणारे व नोंद ठेवलेले फेरबदल वारसा आणि वापर यांत मेळ घालू शकतात.

वाकलेली गाडी आपले ओझे स्वतः सांगत होती. ती सरळ उभी राहू लागली, की सांगण्याची जबाबदारी चालकावर येते. त्याने ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक ॲक्सलचा भार मोजला पाहिजे, कारण आता त्याला सावध करणारे दुसरे काही उरलेले नाही.